त्रेपन्न वजा सत्तावीस

तिसरीच्या वर्गात फळ्यावर ५२ − २७ अशी वजाबाकी दिली, की काही पाट्यांवर ३५ हे उत्तर हमखास येतं. बरोबर उत्तर २५. पस्तीसवाल्या सगळ्यांना आपण एकाच रांगेत बसवतो आणि हातच्याची वजाबाकी पहिल्यापासून पुन्हा शिकवायला घेतो. पण पस्तीसकडे जाणाऱ्या वाटा दोन आहेत. एका मुलाने पाहिलं, की दोनातून सात जात नाहीत. मग त्याने सरळ सातातून दोन काढले. पाच. दशकाच्या घरात पाचातून दोन, तीन. दुसऱ्याने दशक सुटा केला, बारातून सात काढले, पाच लिहिले. मात्र एक दशक गेल्यावर पाचाचे चार उरले, हे त्याच्या लक्षात राहिलं नाही. पहिल्याला मोठ्या संख्येतून लहान संख्या काढणं म्हणजे नेमकं काय, इथपासून सुरुवात हवी. दुसऱ्याला जवळपास सगळं येतं. दोघांना एकच औषध दिलं तर एक जण कंटाळतो आणि दुसऱ्याच्या डोक्यावरून जातं.

आता ५२ च्या जागी ५३ घ्या. पहिल्याचं उत्तर येतं ३४, दुसऱ्याचं ३६. बरोबर उत्तर २६. वजाबाकीचं चिन्ह न पाहताच बेरीज करून टाकणाऱ्याचं उत्तर ८०. गणित तेवढंच, अवघडपणा तेवढाच. एकक स्थानचा एक अंक बदलला आणि तीन वेगळ्या चुका तीन वेगळ्या घरांत जाऊन बसल्या.

प्राथमिक शाळेच्या गणितात तंत्रज्ञान कुठे कामाला येतं, याचं माझं उत्तर या एका अंकाच्या फरकात आहे. मोबाइल, टॅब, प्रोजेक्टर यांनी मुलाला काय दाखवलं, हा भाग दुय्यम. मूल कुठे अडलं हे त्यांनी शिक्षकाला किती लवकर आणि किती नेमकं दाखवलं, यावर त्यांची किंमत ठरते. आपल्याकडे खर्च मात्र बहुतेक वेळा पहिल्या कामावर झाला आहे.

चुकांना तर्क असतो, हे काही नवं नाही. १९७८ मध्ये जॉन सीली ब्राउन आणि रिचर्ड बर्टन या अमेरिकी संशोधकांनी वजाबाकीतल्या चुकांवर एक निबंध लिहिला. त्यांच्या संगणक प्रणालीचं नाव होतं ‘बग्गी’. ही प्रणाली चुकणाऱ्या मुलाचं सोंग घ्यायची. ती एखादी चुकीची रीत मनाशी धरून उत्तरं द्यायची आणि समोरच्या भावी शिक्षकाने, हे ‘मूल’ कोणत्या रीतीने चुकतंय, ते ओळखायचं. संशोधकांचं म्हणणं असं, की मुलं आंधळेपणाने चुकत नाहीत. ती एक नियम इमानाने पाळतात, फक्त तो नियम चुकीचा असतो. शिक्षकाची परीक्षा घेणारं यंत्र ही कल्पना मला आजच्या शेकडो ‘शैक्षणिक ॲप’पेक्षा पुढची वाटते. दुर्दैवाने बाजारातली बरीच ॲप अजून हिरवी टिकमार्क आणि लाल फुली यांच्या पुढे गेलेली नाहीत.

पुणे-दौंड लोहमार्गावर यवत आणि केडगाव यांच्या मधे खुटबाव हे स्टेशन लागतं. दौंड तालुक्यातलं हे उसाचं गाव. आजूबाजूला गुऱ्हाळं, मुख्य गावाबाहेर वाड्या-वस्त्या, आणि अशा वस्त्यांवर राज्यात सगळीकडे असतात तशा जिल्हा परिषदेच्या छोट्या शाळा. शिक्षण हक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीच्या शाळेत साठपर्यंत पट असेल तर शिक्षक दोन. म्हणजे एका शिक्षकाकडे दोन-तीन इयत्ता. पहिलीची मुलं मणी मोजत असतात, तेव्हा त्याच खोलीत तिसरी वजाबाकी करते आणि चौथी भागाकारावर अडलेली असते. शहरातला सल्लागार ‘तंत्रज्ञान’ म्हणतो तेव्हा त्याच्या डोळ्यासमोर एक वर्ग, एक इयत्ता आणि एक मोठा पडदा असतो. द्विशिक्षकी शाळेत मोठा पडदा एका इयत्तेचा होतो आणि उरलेल्या इयत्तांची करमणूक.

अशा वर्गात शोभेल अशी एक युक्ती म्हणजे ‘प्लिकर्स’ नावाचं ॲप. यात मुलांच्या हातात विजेवर चालणारं काहीच नसतं. प्रत्येकाला एक कागदी कार्ड मिळतं. त्यावर क्यूआर कोडच्या जातीची काळी-पांढरी आकृती, प्रत्येकाची वेगळी. कार्डाच्या चार कडांना चार पर्यायांची बारीक अक्षरं. जो पर्याय बरोबर वाटतो ती कड वर धरायची. शिक्षकाने फळ्यासमोर उभं राहून आपल्या मोबाइलचा कॅमेरा वर्गावरून फिरवला, की कोणी काय उत्तर दिलं ते पडद्यावर उमटतं. अक्षरं बारीक आणि आकृत्या वेगवेगळ्या, त्यामुळे शेजाऱ्याचं बघून कार्ड फिरवण्यात अर्थ उरत नाही. लाजरं मूलही हात वर करतं, कारण सगळ्यांचेच हात वर असतात. पाटी तपासायला लागणारा अर्धा तास एका मिनिटावर येतो.

पण खरी मेहनत त्या मिनिटाच्या आधीची आहे. त्रेपन्न वजा सत्तावीस या प्रश्नाखाली २६, ३४, ३६ आणि ८० असे पर्याय दिले, तर तिघांनी दशक कमी केला नाही, पाच जण उलटी वजाबाकी करताहेत, हे लगेच कळेल. त्याऐवजी २६, २१, २९, ४० असे मनाला येतील ते पर्याय ठेवले, तर ॲप तेच, कार्डं तीच, आणि हाती फक्त गुणांची टक्केवारी. पर्याय ठरवण्याचं काम ॲप करत नाही. वर्षानुवर्षं पाट्या तपासलेल्या बाई ते चहा पिता पिता करतील. नव्या शिक्षकाला आसपासच्या शाळांच्या केंद्रातल्या चार जणांबरोबर बसावं लागेल. शिक्षण परिषदेत या कामासाठी एखादा तास ठेवला, तर निदान त्या दिवशी तरी चर्चा ऑनलाइन माहिती भरण्यावरून मुलांच्या चुकांवर येईल.

महाराष्ट्रात या विषयाला मोठी चालना मिळाली २०१५ च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रमापासून. डिजिटल शाळा हा शब्द तेव्हा गावोगाव पोचला. गावांनी लोकवर्गणी काढून एलईडी टीव्ही, प्रोजेक्टर, टॅब घेतले, शाळेच्या भिंती रंगवल्या. झेडपीची शाळा ही आपली शाळा आहे ही भावना त्यातून परत आली, आणि ही कमाई लहान नाही. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड आणले. मोबाइल कोडवर धरला की त्या पाठाची ध्वनिफीत, चित्रफीत किंवा प्रश्न समोर. पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांत असे कोड आले, केंद्र सरकारने २०१७ मध्ये सुरू केलेल्या ‘दीक्षा’ मंचाशी ते जोडले गेले, आणि डिसले गुरुजींना डिसेंबर २०२० मध्ये ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं. टाळेबंदीत शाळा बंद असताना सह्याद्री वाहिनीवर जुलै २०२० पासून ‘टिलीमिली’ ही पहिली ते आठवीची मालिका लागली. ज्यांच्या घरी स्मार्टफोन नव्हता, त्यांच्यासाठी टीव्हीच बरा, हा विचार व्यवहारी होता.

हे सगळं मान्य करूनही एक गोष्ट बोलायला हवी. यातलं बरंचसं तंत्रज्ञान एका दिशेने वाहणारं आहे. चित्रफितीत गोड आवाजातली ताई दशकाचे दहा सुटे करून दाखवते, सुटे टुणटुण उड्या मारत एककाच्या घरात जातात, मुलं माना डोलवतात. शिक्षकाला वाटतं, समजलं. मुलांनाही तसंच वाटतं. गोष्ट किंवा कविता ऐकताना हे चालून जातं, कारण तिथे ऐकणं हाच अनुभव असतो. वजाबाकी मात्र पाहून येत नाही. चित्रफितीला वर्गात जागा आहे, पण ती पाठाच्या शेवटी, किंवा आजारपणाने आठवडाभर घरी राहिलेल्या मुलासाठी. पाठाची सुरुवात चित्रफितीने होऊ नये, असं माझं मत आहे.

यंत्राचा उपयोग होतो की नाही, यावर मतांपेक्षा पुरावे बरे, आणि योगायोगाने त्यातले चांगले पुरावे आपल्या शेजारचे आहेत. गुजरात सरकारने वडोदऱ्याच्या महापालिका शाळांना संगणक दिले होते. ते फारसे वापरात नव्हते. ‘प्रथम’ या संस्थेने तिथे चौथीच्या मुलांसाठी गणिताचे खेळ बसवले. आठवड्याला दोन तास, एका संगणकावर दोन मुलं, आणि खेळाची काठिण्यपातळी मुलाच्या उत्तरांप्रमाणे बदलणारी. अभिजित बॅनर्जी, शॉन कोल, एस्थर डुफ्लो आणि ली लिंडेन यांनी हा प्रयोग मोजला. २००७ मध्ये तो प्रसिद्ध झाला. गणिताच्या गुणांत झालेली वाढ शिक्षणाच्या प्रयोगांमध्ये मोठीच म्हणावी अशी होती. त्याच निबंधात न आवडणारी नोंदही आहे. कार्यक्रम थांबल्यावर वर्षभरात हा फायदा बराचसा ओसरला.

याच लिंडेन यांनी गुजरातमधल्या ‘ज्ञानशाला’ या संस्थेच्या वर्गांत दुसरा प्रयोग तपासला. एका गटात संगणक शाळेच्या वेळातच वापरला, म्हणजे चांगल्या चालणाऱ्या शिकवण्याचा वेळ कापून. दुसऱ्या गटात शाळेच्या वेळेबाहेर, जादा सराव म्हणून. पहिल्या गटातली मुलं मागे पडली, दुसऱ्यातली पुढे गेली. सॉफ्टवेअर एकच. खरेदी समितीच्या बैठकीत हा निष्कर्ष मोठ्याने वाचून दाखवावा असा आहे.

सगळ्यात महागडा धडा दक्षिण अमेरिकेतून आला. प्रत्येक मुलाच्या हातात स्वस्त लॅपटॉप द्यायचा, ही निकोलस निग्रोपाँटी यांची मोहीम २००५ नंतर जगभर गाजली. तिचा भारतातला पहिला प्रयोग आपल्याकडेच झाला, २००७ मध्ये, रायगड जिल्ह्यात कर्जतजवळच्या खैराट-धनगरवाड्याच्या छोट्याशा शाळेत. पेरू देशाने मात्र ही योजना फार मोठ्या प्रमाणावर राबवली. तिथल्या तीनशेहून अधिक प्राथमिक शाळांच्या पाहणीत लॅपटॉप भरपूर पोचलेले दिसले, वापरही वाढलेला दिसला. गणिताच्या आणि भाषेच्या गुणांत फरक दिसला नाही. यंत्र दिलं, पण त्यावर मुलाच्या पातळीचं काम ठेवलं नाही, आणि शिक्षकाला त्यात धरलं नाही. मग व्हायचं तेच झालं.

याच्या उलट दिल्लीत ‘माइंडस्पार्क’ या प्रणालीचा प्रयोग झाला. मुलं माध्यमिक टप्प्यावरची होती, तरी आपल्या मुद्द्याला ती उपयोगी पडतात. सहावीतली मुलं गणितात सरासरी अडीच इयत्ता मागे होती. म्हणजे सहावीचं पुस्तक उघडून बसलेल्या मुलाला प्रत्यक्षात तिसरी-चौथीचं गणित हवं होतं. प्रणाली आधी त्याची पातळी शोधायची, मग त्याच पातळीचे प्रश्न द्यायची. जोडीला छोट्या गटात माणूस शिकवायचा. साडेचार महिन्यांत चांगली प्रगती दिसली. एकाच वर्गात पाच पातळ्यांची मुलं असताना प्रत्येकाला वेगळं काम देणं माणसाला फार जड जातं. यंत्राला ते सोपं आहे. तेवढं काम त्याला जरूर द्यावं.

यंत्राशिवायही हे काही प्रमाणात साधतं. शिरूर तालुक्यातल्या वाबळेवाडीची लोकसहभागातून उभी राहिलेली शाळा सौरऊर्जा, काचेच्या वर्गखोल्या आणि मुलांच्या हातातले टॅब यांमुळे राज्यभर माहीत झाली. तिथले मुख्याध्यापक दत्तात्रय वारे नंतर खेड तालुक्यातल्या जालिंदरनगरच्या छोट्या शाळेत गेले. त्या शाळेला २०२५ मध्ये ‘वर्ल्ड्स बेस्ट स्कूल’ स्पर्धेत लोकपसंतीचा पुरस्कार मिळाला. तिथल्या ज्या पद्धतीची चर्चा झाली ती ‘विषयमित्रा’ची आहे, म्हणजे वेगवेगळ्या वयाच्या मुलांनी एकमेकांना शिकवण्याची. वडोदऱ्यातही एका संगणकापुढे दोन मुलं बसवली होती. संगणक कमी होते म्हणून ती बसवली हे खरं; पण ‘अरे, असं नाही, आधी दशक सोड’ हे वाक्य दोन मुलांमध्येच घडतं. प्रत्येकाला स्वतंत्र टॅब आणि कानात हेडफोन दिला, की ते बंद होतं.

आता पुन्हा खुटबावकडे. इथल्या मुलांना पडद्याइतकंच उपयोगी पडेल असं गणित शाळेच्या बाहेर पडलेलं आहे. उदाहरणार्थ वेळेचं. गाडी ७ वाजून ४० मिनिटांनी निघाली, ९ वाजून १५ मिनिटांनी पोचली, तर किती वेळ लागला? अनेक मुलांचं उत्तर येतं १ तास ७५ मिनिटं. पंधरातून चाळीस जात नाहीत म्हणून मुलाने शेजारच्या घरातून उसना घेतला, आणि नेहमीच्या सवयीने तो शंभराचा धरला. तास सुटा केला तर साठच मिनिटं मिळतात. बरोबर उत्तर १ तास ३५ मिनिटं. हा घोळ पुस्तकातल्या घड्याळाच्या चित्राने सुटत नाही, कारण चित्रातलं घड्याळ हलत नाही. गाडी कुठे आहे ते सांगणारं ॲप मात्र पुणे-दौंडच्या रोजच्या प्रवाशांच्या मोबाइलमध्ये असतंच. शिक्षकाने ते उघडून एवढंच विचारायचं, की पॅसेंजर २३ मिनिटं उशिरा धावतेय, यवतला यायची वेळ अमुक होती, तर ती आता किती वाजता येईल? मग खुटबावला? उत्तर खरं ठरतं की नाही हे थोड्या वेळाने ॲपच सांगतं. पुस्तकाच्या शेवटच्या पानावरच्या उत्तरात ही गंमत नाही.

किंवा क्षेत्रफळ घ्या. उसाच्या गावातल्या मुलाच्या कानावर गुंठा हा शब्द बालवाडीपासून पडतो. गुंठा म्हणजे ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद चौरस, १,०८९ चौरस फूट. असे चाळीस गुंठे म्हणजे एकर. चौथी-पाचवीच्या मुलांनी मैदानात ३३ फुटांची दोरी धरून चार खुंट्या ठोकल्या, की गुंठा पहिल्यांदा डोळ्यांना दिसतो, आणि बहुतेकांना तो वाटला होता त्यापेक्षा लहान निघतो. मीटरमध्ये मोजला तर एक बाजू सुमारे १०.०६ मीटर, म्हणजे क्षेत्र १०१ चौरस मीटरच्या थोडं वर. सातबाऱ्यावर जे ‘आर’ असतात ते शंभर चौरस मीटरचे. आजोबा गुंठ्यात बोलतात आणि सातबारा आरमध्ये लिहिलेला असतो, तरी घरात भांडण का होत नाही, ते इथे उलगडतं.

मग मोबाइल काढायचा. जमिनीच्या कडेने चालत गेलं की क्षेत्रफळ सांगणारी ॲप सगळ्यांना माहीत आहेत. त्याच गुंठ्याभोवती मोबाइल घेऊन चालायला लावलं, तर पहिला गट एक आकडा आणेल आणि दुसरा गट भलताच. कारण मोबाइलच्या जीपीएसला काही मीटरची चूक सहज होते, आणि दहा मीटरच्या बाजूत चार-पाच मीटरची चूक म्हणजे मोजमापाचा विचकाच. तीच चूक एकरभर रानात, जिथे बाजू साठ मीटरच्या वर असते, तिथे बरीच खपून जाते. कोणतं साधन कोणत्या मापाला चालतं, हे गणित पुस्तकात नाही आणि इंजिनिअरिंगला जाईपर्यंत कोणी शिकवतही नाही. गुंठ्याला दोरीच बरी, हा निकाल मुलं स्वतः देतील.

हाताला आधी काम, पडद्याला नंतर, हा क्रम लहान इयत्तांत पाळावाच लागतो. अनेक झेडपी शाळांत शंभर मण्यांची गणितमाळ असते, दहा लाल, दहा पांढरे, असे आलटून पालटून. सत्तावीस दाखव म्हटलं की मूल दोन रंगपट्टे सोडून सात मणी मोजतं. हळूहळू मोजणं बंद होतं आणि तीसच्या तीन मणी आधी बोट ठेवलं जातं. दशकाची कल्पना बोटात शिरल्याची ती खूण. माळेचं ॲपही मिळतं. पण पहिलीतल्या मुलाला काचेवरचे मणी सरकवून माळेचं लांबपण कळत नाही. दुसरीनंतर, शंभरच्या पुढच्या संख्यांसाठी, जिथे हजार मण्यांची माळ वर्गात मावणार नाही, तिथे पडद्यावरची संख्यारेषा घ्यावी.

मराठीत शिकणाऱ्या मुलापुढे आणखी एक अडचण असते, आणि बाहेरची ॲप ती ओळखतही नाहीत. आपण २७ लिहिताना दोन आधी लिहितो, म्हणताना सात आधी म्हणतो. एकोणतीसमध्ये तर नऊ कुठे ऐकूच येत नाही. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात नेहमीच्या वाचनाबरोबर ‘वीस सात’ अशा वाचनाची सोय दिली, तेव्हा केवढा गहजब झाला. विधिमंडळात फडणवीस या आडनावाची ‘फडण दोन शून्य’ अशी फोड करून हशा पिकवला गेला. गणित समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर शांतपणे सांगत राहिल्या, की जुने शब्द काढलेले नाहीत, अडखळणाऱ्या मुलाला एक पायरी दिली आहे. मला तेव्हाही त्यांचंच पटलं होतं. वर्गात आजही ती पायरी वापरता येते. वीसच्या कार्डावर सातचं कार्ड ठेवलं की २७ दिसतात, वरचं उचललं की खालचा शून्य दिसतो. त्यात मोबाइलची भर म्हणजे शिक्षकाने स्वतःच्या आवाजात संख्या ध्वनिमुद्रित करून ठेवायच्या. मुलं ऐकतात आणि कार्डं जुळवतात, तेवढ्यात बाई दुसऱ्या इयत्तेकडे वळू शकतात. परक्या उच्चारातल्या ॲपपेक्षा हे बरं. अंकांचंही तसंच. पुस्तकात देवनागरी अंक, मोबाइलवर आणि कॅल्क्युलेटरवर इंग्रजी अंक. दुसरीतल्या मुलाची निम्मी ताकद चिन्ह ओळखण्यात गेली, तर गणिताला काय उरणार?

अपूर्णांकांच्या बाबतीत मात्र मी पडद्याच्या बाजूने आहे. जुन्या मराठी शाळांत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी, अडीचकी, औटकी असे अपूर्णांकांचे पाढे पाठ असायचे. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. रुपयाचे सोळा आणे आणि मणाचे चाळीस शेर असलेल्या बाजारात ते पाढे म्हणजे खिशातला कॅल्क्युलेटर होता. १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली, मागोमाग किलो-मीटर आले, आणि पाढ्यांचं काम संपलं. त्यांच्याबरोबर रोजच्या जगण्यातला अपूर्णांकही आटला. आजच्या मुलाला १/४ हा १/३ पेक्षा मोठा वाटतो, कारण चार तिनापेक्षा मोठे. कागदाची पट्टी एकदा तीन भागांत कापली की तिचे चार समान भाग होत नाहीत. नवी पट्टी घ्यावी लागते आणि मधला बदल दिसतच नाही. पडद्यावर बोटाने सरकवलं की तिनाचे चार, चाराचे पाच भाग होत जातात आणि प्रत्येक तुकडा डोळ्यांदेखत बारीक होतो. भाग वाढले की वाटा घटतो, हे सांगावं लागत नाही. इथे यंत्र असं काही करतं, जे हाताला जमत नाही.

दिवाळीच्या आसपास दौंडच्या या उसाच्या भागात बीड, अहिल्यानगरकडून ऊसतोड टोळ्या येतात. त्यांच्याबरोबर मुलं असतात, आणि हंगाम उलटला की ती परत जातात. स्थलांतर करणाऱ्या मुलांसाठी राज्यात शिक्षण हमी कार्ड आहे, म्हणजे मूल जिथे जाईल तिथल्या शाळेने त्याला सामावून घ्यायचं. कल्पना चांगली. पण कार्डावर इयत्ता असते, आणि इयत्तेवरून गणिताचा पत्ता लागत नाही. २०२४ च्या ‘असर’ पाहणीत ग्रामीण भारतातल्या तिसरीच्या ३३.७ टक्के मुलांना किमान वजाबाकी जमली आणि पाचवीच्या ३०.७ टक्के मुलांना भागाकार. म्हणजे ‘चौथी’ एवढ्या शब्दावरून नव्या शाळेतल्या गुरुजींनी काय समजायचं? शासनाकडे विद्यार्थ्यांच्या ऑनलाइन नोंदी आहेत. जन्मतारीख, आधार, बँक खातं सगळं त्यात भरलं जातं. त्याच नोंदीत ‘दोन अंकी बेरीज येते, दशक सुटा करताना अडतो, पाचापर्यंतचे पाढे’ अशा चार ओळींना जागा केली, तर त्या दौंडहून बीडला आणि बीडहून दौंडला मुलाच्या आधी पोचतील. माझ्या मते राज्यातल्या डिजिटल शिक्षणाचा हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात राहून गेलेला उपयोग आहे.

शाळा व्यवस्थापन समितीपुढे एखादा विक्रेता टॅब किंवा ‘स्मार्ट’ फळा घेऊन आला, तर सदस्यांनी रंगीत चित्रफीत पाहण्याआधी काही साधे प्रश्न विचारावेत. नेट नसताना हे चालतं का? अंक मराठी दिसतात का? मुलाने कोणतं चुकीचं उत्तर दिलं ते शिक्षकाला दिसतं, की फक्त गुण दिसतात? दोन वर्षांनी बॅटरी गेली तर दुरुस्तीला दौंडला माणूस आहे, की पुण्याला पाठवायचं? शाळेची वीजबिलं थकून मीटर बंद झाल्याच्या बातम्या या राज्यात नव्या नाहीत, तेव्हा बिल कोण भरणार हाही प्रश्न त्यातच येतो.

घरातला फोन हे सगळ्यांत आधी उपलब्ध असलेलं साधन. त्याच ‘असर’ पाहणीत १४ ते १६ वयाच्या ८० टक्क्यांहून अधिक मुलांना स्मार्टफोन वापरता येत होता. त्यांतली आधीच्या आठवड्यात अभ्यासासाठी तो वापरणारी ५७ टक्के, समाजमाध्यमांसाठी वापरणारी ७६ टक्के. धाकटी भावंडं हेच बघत वाढतात. त्यांच्यासाठी वेगळं ॲप उतरवून घेण्याआधी गाळपाच्या हंगामात घरात येणारी काटापावती पुढे करावी. तिच्यावर भरलेल्या ट्रॅक्टरचं वजन असतं, रिकाम्याचं असतं आणि निव्वळ उसाचं असतं. समजा, भरलेली गाडी २४.३१० टन आणि रिकामी ६.८५० टन. निव्वळ ऊस १७.४६० टन. पावतीवरची वजाबाकी बरोबर आहे का, हे पाचवीतलं मूल आधी वहीवर करून पाहील, मग फोनच्या कॅल्क्युलेटरवर. कॅल्क्युलेटर शेवटचा शून्य गाळून १७.४६ दाखवेल, आणि पावतीवर तर १७.४६० आहे. चुकलं कोण? टिंबानंतरची तीन घरं किलोंची आहेत, म्हणून १७ टन ४६० किलो. ४६ किलो नव्हेत. बाजारभावाने ४१४ किलोंचा हा फरक बापाला लगेच कळतो. मुलाला तो पैशात मांडून दाखवायला टनाचा दर घालून पुढचा गुणाकार करावा लागेल, आणि तो त्याने आधी अंदाजाने, मग कागदावर आणि सगळ्यात शेवटी फोनवर करावा.